एडमंटनचा आपटा

आमच्या कोपऱ्यावरच्या पॉप्लरला घाई फार. शाळा सुरू होऊन आठवडा होत नाही तोच त्याची एक फांदी पिवळी होते. बाकीचं झाड अजून जुलैत असल्यासारखं हिरवंगार, आणि मध्येच ही एक फांदी, ऐन तिशीत कानाजवळ पांढरा केस दिसावा तशी. यंदाही झाली. मी सामानाच्या पिशव्या घेऊन गाडीतून उतरत होते. वर पाहिलं आणि मनात म्हटलं, आला बाई फॉल. त्याच संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "दसऱ्याला सोन्याचं काय करायचं? कुणी इंडियाहून येतंय का?" लगेच उत्तरांची झुंबड उडाली. कुणाची सासू येणार होती, ती वहीत दाबून पानं आणणार होती. कुणी मुलांना हिरव्या कार्डपेपरची पानं कापायला बसवणार होतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ह्या गावात हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. एडमंटनला स्वतःचा आपटा होता.

तसा तो आपटा नव्हताच. तो ओक होता, आणि ओकही इथला नव्हे. कोस्ट लाइव्ह ओक म्हणतात त्याला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची जात. समुद्रावरून येणारं धुकं, बेताचा पाऊस आणि नावापुरता हिवाळा ह्यांवर वाढलेली. ओक म्हटलं की फॉलमध्ये तांबूस होऊन पानं झाडणारा, असं इथे सगळे धरून चालतात. हा मात्र बारा महिने हिरवा. पान लहान, जेमतेम अंगठ्याएवढं, पण जाड आणि कडक. कडेला बारीक काटे, आणि पाठीवर असं फुगलेलं की पाण्याचा थेंब त्यावर ठरायचा नाही. उलटं करून पाहिलं तर शिरांच्या बेचक्यांत थोडीशी लव. असलं झाड उणे तीस सोसणाऱ्या गावात जगायचं काही कारण नव्हतं. ते जगलं, कारण ते जमिनीत नव्हतं. चाकं लावलेल्या एका भल्यामोठ्या कुंडीत होतं. उन्हाळ्यात मागच्या डेकवर आणि सप्टेंबरअखेरपासून मेपर्यंत घराला लागून असलेल्या काचेच्या खोलीत. आणि घर होतं नाना आणि कुमुदकाकूंचं.

नाना इथल्या विद्यापीठात मातीचे प्राध्यापक होते. "मातीचे" हा त्यांचाच शब्द. साठच्या दशकाच्या अखेरीला दोघं इथे आली तेव्हा मराठी बोलायला एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. "त्यामुळे भांडणसुद्धा जपून करावं लागायचं," काकू सांगायच्या. त्यांची मुलगी अश्विनी कॅलिफोर्नियात शिकायला गेली, आणि तिला भेटायला गेलेल्या काकू तिथल्या समुद्राजवळच्या टेकडीवर एका जुन्या ओकखाली बसल्या. उठताना एक लांबट, टोकदार बी त्यांनी रुमालात बांधून घेतलं. नानांना हे कळलं ते एडमंटनला घरी पोचल्यावर. सरहद्दीवरून बी, माती, रोप काही काही आणायचं नाही, हे ज्या माणसानं जन्मभर पोरांना शिकवलं त्याच्याच बायकोनं हे करावं! नाना दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी दह्याच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून दिली, कारण काकूंनी ते बी चुकीच्या मातीत लावलं होतं आणि ते त्यांना बघवेना.

काकू मूळच्या वेंगुर्ल्याच्या. "समुद्रावरचं आहे ते, त्याला इथलं कोरडं कसं सोसेल?" असं म्हणत हिवाळाभर रोज सकाळी त्याच्या पानांवर पाणी शिंपडायच्या. स्वतःबद्दल मात्र त्यांनी असं कधी म्हटलेलं मला आठवत नाही.

ओकचा आपटा झाला तो निव्वळ गरजेपोटी. इथे दसरा येतो तेव्हा नदीच्या दोन्ही काठांवर झाडं पिवळीधमक झालेली असतात. पुलावरून जाताना डोळे दिपतात. काकू दरवर्षी गाडीची काच खाली करून म्हणायच्या, "अहो, अख्खं गाव सोन्याचं झालंय आणि आपण हिरवं पान शोधत फिरतोय!" पण करणार काय? पिवळं पान हातावर ठेवलं की ते गळलेलं वाटतं. शुभ वाटत नाही. हिरवं म्हणावं तर उरतो तो स्प्रूस, पानांऐवजी सुयाच असलेला. दसऱ्याला कुणाच्या हातावर सुया कशा ठेवायच्या? तेव्हा एका दसऱ्याला काकूंनी काचेच्या खोलीतल्या ओकची चार पानं खुडली आणि आलेल्यांच्या हातावर ठेवली. नानांनी लगेच आक्षेप घेतला. हे ओकचं कुळ, आपटा शेंगांच्या कुळातला, दोघांचा काडीचा संबंध नाही. काकू म्हणाल्या, "संबंध लावला की लागतो. तुमचा-माझा तरी काय होता?"

त्यांचा नियम एकच होता. झाडाला हात लावायचा तो त्यांनीच. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी त्या छोटी कात्री घेऊन बसायच्या आणि जिथे पानांची दाटी असेल तिथून, आतल्या बाजूची, वेचून वेचून पानं काढायच्या. घराला एक पान. चार माणसं असोत की आठ, पान एकच, आणि ते घरातल्या सर्वांत लहान पोराच्या हातावर. मी त्यांना एकदा म्हटलं, "काकू, एवढं मोठं झाड आहे, द्या की दोन-दोन." त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मी निमूट चहाचे कप उचलले.

मी वर्ध्याची. आमच्याकडे दसऱ्याची संध्याकाळ म्हणजे नुसती चंगळ. बाबा आपट्याच्या फांद्याच्या फांद्या आणायचे, आणि आम्ही भावंडं फ्रॉकचे, शर्टाचे खिसे पानांनी गच्च भरून घरोघर निघायचो. दिसेल त्याला सोनं द्यायचं, मोठा असला तर पायाही पडायचं. परत यायचो तेव्हा दिलं त्याहून जास्त घेतलेलं असायचं, आणि रात्री आईच्या केरात पानंच पानं. ते झाड कुठे असतं, त्याच्या किती फांद्या उरल्या, हा विचार आमच्या डोक्यात कधी आला नाही. तिथे आपटा कुणा एकाचा नसतोच. हे सगळं मी इतकं लांबवून सांगतेय, कारण पुढे जे झालं ते इतकं साधं होतं की आमच्यापैकी कुणाच्याही हातून झालं असतं. पण झालं ते माझ्या हातून.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये काकू गेल्या. फार दिवस आजारी नव्हत्या. इस्पितळात असताना त्यांनी नानांना एकच काम सांगितलं होतं, आणि ते नानांनी आम्हाला सांगितलं. अश्विनी आता कॅनडातच, व्हिक्टोरियाला राहते, समुद्राच्या काठी, जिथे हिवाळा म्हणजे नुसता पाऊस. तिच्या अंगणात हा ओक जमिनीत लावायचा. "कुंडीत जन्म गेला बिचाऱ्याचा," काकू म्हणाल्या होत्या, "एकदा त्याला पाय पसरू दे." दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं. आता नाना एकटे जाणार होते, घर विकून, पुढच्या वर्षी. सामानाचं त्यांना काही नव्हतं. पुस्तकं वाटून टाकायची म्हणत होते. न्यायचं होतं ते एवढं एक झाड.

मंडळाची सूत्रं तेव्हा माझ्याकडे होती. शेखर, माझा नवरा, म्हणतो की मला कुणी मागितलेलं नसताना मदत करायची खोड आहे. असेल. मला त्या फॉलमध्ये दर रविवारी नानांच्या घरावरून जाताना खिडकीत एकच दिवा लागलेला दिसायचा. म्हणून मी ग्रुपवर लिहिलं: "ह्या वर्षी दसरा हॉलमध्ये नाही. शनिवारी दोन ते सहा आपण सगळे नानांकडे जायचं. नानांना एकटं वाटता कामा नये. श्रीखंड-पुरी माझ्याकडे. सोनं नानांकडे आहेच." ते शेवटचं वाक्य मी लिहायला नको होतं.

पुण्याहून नुकताच आलेला अनिकेत मलाही काकूच म्हणतो; त्याचा लगेच मेसेज आला. "काकू, अमेझिंग आयडिया! आम्हाला अॅड्रेस पाठवा ना. लास्ट मंथच मूव्ह झालोय, कुणालाच ओळखत नाही." असे नवे लोक त्या वर्षी पुष्कळ होते. त्यांच्या कानावर एवढंच आलं होतं की एडमंटनमध्ये एक आपट्याचं झाड आहे आणि ते नानांकडे आहे. कात्रीबद्दल त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

दुपार मात्र फार छान होती. ऊन असं की कोट नको वाटावा. नानांच्या मागच्या दाराशी बुटांचा ढीग पडला. पुढच्या दारापेक्षा तिथे जागा जास्त, म्हणून सगळ्यांना मीच मागून यायला सांगितलं होतं, आणि मागून आलं की वाट काचेच्या खोलीतूनच जाते. मी आत स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. त्या घरात जूनपासून पहिल्यांदाच इतका आवाज झाला होता. पोरं पळत होती, कुणीतरी तबला सापडला म्हणून तो बडवत होतं, बायका एकमेकींच्या साड्यांची चौकशी करत होत्या. मी झारा हलवत मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. अनिकेतची बायको सायली आत आली, माझ्या हातावर पाचसहा पानं ठेवली आणि वाकून म्हणाली, "सोनं घ्या काकू, सोन्यासारख्या राहा." मी पीठ लागलेल्या हातानं तिला जवळ घेतलं आणि ती पानं एप्रनच्या खिशात टाकली. मग आणखी कुणी आलं. मग आणखी कुणी. खिसा फुगला. पुरी करपू नये एवढंच माझं लक्ष होतं.

सोनं देण्याची रीतच अशी आहे की एका पानानं भागत नाही. घरात शिरलं की दिसेल त्याला द्यायचं. चाळीसेक माणसं होती, आणि प्रत्येकाला उरलेल्या सगळ्यांना द्यायचं होतं. काटे बोचतात म्हणून कुणी काही थांबलं नाही. आणि सर्वांत आधी, सर्वांत आदरानं, द्यायचं होतं ते नानांना.

मी त्यांच्यासाठी ताट घेऊन बाहेर आले तेव्हा ते आपल्या खुर्चीत बसले होते, राखाडी स्वेटर, इस्त्रीची पँट, आणि मांडीवर पानांचा ढीग. प्रत्येकानं पायाला हात लावून त्यांच्या हातावर सोनं ठेवलं होतं, आणि हात भरले तेव्हा ते मांडीवर पडत गेलं होतं. ते प्रत्येकाला "सुखी राहा, सुखी राहा" म्हणत होते. मला म्हणाले, "वसू, एखादी परात आण गं. मला उठता येईना झालंय." मी हसले. हसून म्हटलं, "बघा नाना, किती श्रीमंत केलं तुम्हाला!"

हे वाक्य आठवलं की मला अजून कुठे तरी तोंड लपवावंसं वाटतं.

परात मागच्या फळीवर असायची, ती आणायला म्हणून मी काचेच्या खोलीत पाऊल टाकलं. कुंडीत काड्या उभ्या होत्या. हात पोचेल तिथपर्यंत एक पान नव्हतं. अगदी वर, छताजवळ, दहाबारा पानं तेवढी शिल्लक होती. खाली फरशीवर देठ पडले होते. शेखर माझ्या मागोमाग काहीतरी चेष्टा करत आला, आणि झाड पाहून म्हणाला, "अरे बाप रे." मी वळून पाहिलं. नानांची खुर्ची बरोबर काचेच्या दारासमोर आहे. दोन वाजल्यापासून ते तिथेच बसले होते. त्यांना सगळं दिसत होतं.

लोक गेले. मी भांडी घासली, बुटांची माती पुसली, उरलेलं श्रीखंड फ्रिजमध्ये ठेवलं. नाना म्हणाले, "छान झालं हो सगळं. दमली असशील." मला तेव्हाच म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मी "चुकलं माझं" म्हटलं असतं तर ते "अगं, असू दे" म्हणाले असते, आणि त्या दिवशी त्यांनी माझी समजूत घालावी हे मला सहन झालं नसतं. हे कारण मी स्वतःला वर्षभर देत राहिले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, ते "असू दे" म्हणणार नाहीत ह्याची.

अनिकेतला कुणाकडून तरी कळलं. त्याचा फोन आला, आवाज रडवेला. "काकू, आय फील टेरिबल. आम्हाला वाटलं इट्स फॉर एव्हरीवन." मी म्हटलं, "एव्हरीवनसाठीच होतं रे." त्याच्यावर चिडायची मला फार इच्छा होती. सोयीचं झालं असतं. पण माझ्या एप्रनच्या खिशात मी स्वतः मोजायला धजले नाही इतकी पानं होती.

मग हिवाळा आला. मी दर रविवारी अकरा वाजता जायला लागले. शेखर बाहेरचा बर्फ शोव्हल करायचा, मी आत नानांबरोबर झाडापाशी. त्या दिवशीची सगळी पानं नानांनी कुंडीतच, बुंध्याभोवती पसरली होती. "ओकला स्वतःचाच पाचोळा मानवतो," ते म्हणाले. मी माझ्या खिशातली नेऊन त्यातच टाकली. त्यांनी ते पाहिलं. ते नखानं एकेका काडीची साल किंचित खरवडायचे. खाली हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर गेली. नोव्हेंबरात दोन काड्या गेल्या. डिसेंबरात डावीकडची एक चांगली जाड फांदी गेली. त्यांनी तिच्या वाळलेल्या काड्या कात्रीनं कापल्या, काकूंच्याच, आणि कापताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "वसू, तू फार पाणी घालतेस." मी म्हटलं, "मला वाटलं कोरडं पडलंय." "पाप धुवायला पाणी घातलंस तर मुळं कुजतील. आठवड्याला एक तांब्या पुरे." हे ते रागानं म्हणाले की गमतीनं, हे मला कळलं नाही. गाडीत बसल्यावर मी रडले, आणि शेखरनं रेडिओ लावला.

जानेवारीत अश्विनीचे फोन सुरू झाले. घर विकायला काढू, इतक्या थंडीत एकटे राहू नका, आत्ताच या. नाना एकच उत्तर द्यायचे. "झाडाचं काय ते कळू दे." मला ऐकू यायचं. झाड गेलं तर त्यांना काकूंनी सांगितलेलं एकमेव काम न करता, रिकाम्या हातानं जावं लागणार होतं, आणि ते कुणामुळे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. माझ्या रोहनला, तो इथेच जन्मलेला, माझं हे सगळं अतीच वाटायचं. "आई, रिलॅक्स. इट्स अ ट्री. लीव्ह्ज ग्रो बॅक."

"हे पानं टाकणाऱ्यांतलं नाही रे. ह्याला सवय नाही."

"सो? इट डझन्ट नो दॅट," तो म्हणाला.

बाहेर उणे बत्तीस होतं. काचेच्या खोलीत नाना छोटा हीटर लावून जेमतेम गोठणार नाही एवढं ऊबदार ठेवायचे, कारण फार उबेत झाडाला भलत्या वेळी जाग येते. तिथे आम्ही दोघं कोट घालून बसायचो. ते मला मातीच्या गोष्टी सांगायचे. कुठली माती पाणी धरते, कुठली सोडते. काकूंविषयी क्वचितच. एकदा म्हणाले, "ती रोज पाणी शिंपडायची पानांवर. शास्त्रीयदृष्ट्या त्याचा शून्य उपयोग. मी तिला कधी सांगितलं नाही." मग उठले, कोपऱ्यातली फवाऱ्याची बाटली घेतली, आणि त्या उघड्या काड्यांवर पाणी शिंपडलं.

एप्रिलच्या सुरुवातीला, सोमवारी, मी कामावर असताना त्यांचा फोन आला. "वसू, संध्याकाळी चष्मा घेऊन ये." बाकी काही नाही. मी संध्याकाळपर्यंत थांबलेच नाही. पोटात दुखतंय म्हणून सांगून निघाले. त्यांनी मला उजवीकडच्या एका फांदीशी उभं केलं. आधी काही दिसेना. मग दिसलं. काडीच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढे लालसर ठिपके. एक, दोन, मग सगळीकडे. पुढच्या रविवारी त्यांची इवलीइवली पानं झाली होती, तांबूस, मऊ, काट्यांना अजून धार नसलेली. मी बोटानं हळूच स्पर्श केला आणि लगेच हात मागे घेतला. नाना शेजारी उभे राहून नाक शिंकरत होते. त्यांना म्हणे धुळीची अॅलर्जी होती.

डावी बाजू उघडीच राहिली. आजही ते झाड एका अंगानं कमी आहे. अश्विनी अधूनमधून फोटो पाठवते. व्हिक्टोरियाला तिच्या मागच्या अंगणात, कुंपणापलीकडे समुद्राची एक पट्टी दिसते तिथे, ते जमिनीत उभं आहे आणि शेडच्या छपराच्या वर गेलं आहे. तिथे त्याला कुणी आत घेत नाही, बाहेर काढत नाही. ते लावताना नानांनी खड्डा स्वतः मोजून घेतला, आणि माती तीनदा बदलायला लावली म्हणे. गेल्या हिवाळ्यात नाना गेले. अश्विनी म्हणाली, शेवटपर्यंत सकाळी काठी टेकत झाडापर्यंत जायचे, धुक्यात. मी अजून ते प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. जाईन म्हणते, आणि जात नाही. बहुतेक मला ते काचेच्या खोलीतच आठवायचं असतं, आणि ह्या दिवसांत तर फार आठवतं. पिवळं पान पायाखाली आलं की मला त्या घराचा वास येतो, गार मातीचा आणि तळलेल्या पुरीचा.

नानांच्या इथल्या शेवटच्या दसऱ्याला ट्रक ठरलेला होता. घरातल्या भिंती मोकळ्या झाल्या होत्या, खुर्च्या सहाच उरल्या होत्या. नानांनी स्वतः फोन करून सांगितलं, "शनिवारी सगळ्यांना बोलाव." मी हो म्हटलं, पण ह्या वेळी ग्रुपवर लिहिलेला मजकूर शेखरला दोनदा वाचायला लावला. "झाडाला कुणीही हात लावायचा नाही. सोनं मी आणतेय." आणि खरंच, चार संध्याकाळी बसून मी हिरव्या कागदाची शंभर पानं कापली. सगळे पुढच्या दारानं आले. अनिकेत आणि सायली त्यांच्या तान्ह्या मुलीला घेऊन आले आणि काचेच्या खोलीपासून चांगले दहा हात लांब उभे राहिले. झाडाला आता पानं होती. दाट नव्हती, पण होती, गडद, चकचकीत. लोक दारातून वाकून बघायचे, हळू आवाजात काहीतरी बोलायचे आणि मागे सरायचे. कागदाची पानं एकमेकांना देत होते. कुणी मोठ्यानं हसत नव्हतं. मी बरोबर पहारेकऱ्यासारखी दारात उभी होते.

नाना थोडा वेळ हे पाहत होते. मग खुर्चीतून उठले, आणि मला म्हणाले, "वसू, बाजूला हो."

मी झाले. ते झाडापाशी गेले. खिशातून कात्री काढली, उजव्या बाजूच्या फांद्यांत हात घातला, आणि आतलं एक पान कापलं.

"नाना, नको!" मी जवळजवळ ओरडलेच. "आत्ता कुठे सावरलंय ते. प्रवास आहे त्याला, जमीन नवी. एकसुद्धा पान नका काढू."

नाना माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

"गेल्या वर्षी तुम्ही सगळ्यांनी मला सोनं दिलंत. मांडी भरून दिलंत. मी कुणाच्या हातावर एक पान ठेवलं नाही. नुसतं घेतलं. कुमुद गेल्यापासून मी नुसतं घेतोच आहे सगळ्यांकडून. जेवणाचे डबे, बर्फ काढणं, तुझे रविवार. दसऱ्याला असं नुसतं घेऊन बसतात का? ती असती तर मला घरात घेतलं नसतं."

ते पान त्यांनी माझ्यापुढे धरलं. मला हात पुढे करता येईना. बारा महिने जे तोंडापर्यंत येऊन परत गेलं होतं ते चाळीस माणसांसमोर, त्या मोकळ्या घरात, आपोआप बाहेर पडलं.

"नाना, माझं चुकलं हो. फार चुकलं."

"माहीत आहे मला," नाना म्हणाले. "घे आता. हात पुढे कर."